वरचा भात

आमच्याकडे विचारण्याला पुसणं म्हणतात. मी दिवसभर काही ना काही पुसत असायची, म्हणून आबाजींनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या वडिलांनी, माझं नाव पुसनी ठेवलं होतं. शाळेच्या हजेरीत मी वैशाली, घरात पुसनी. तेंदूचं पान कापलं की चहासारखा वास का येतो, बगळे नेमके नांगराच्याच मागे का चालतात, विहारात मेणबत्ती लावायची तर भर दिवसा का लावायची, असलं सगळं. माय हातातलं काम न थांबवता काहीतरी सांगून टाकायची. बाबा हसायचे. आबाजी मात्र खाटेवरून नुसते माझ्याकडे बघायचे आणि त्या बघण्याचा अर्थ 'पुरे झालं' असा असायचा. आता माझेही केस त्यांच्यासारखे पांढरे झालेत आणि नात मला तशीच छळते, तेव्हा कळतं की उत्तर नसणं म्हाताऱ्या माणसाला किती अवघड जातं.

ज्या पावसाळ्याबद्दल सांगते आहे, त्या पावसाळ्यात आमच्या घरात कोणालाच वेळ कळत नव्हती. कुडवा तेव्हा गोंदियाला चिकटलेलं नव्हतं. मध्ये पोवारांच्या धानाच्या बांध्या होत्या आणि बांध्यांपलीकडे राईस मिलची चिमणी. बाबा त्या मिलमध्ये बॉयलरवर होते. तिथे धान उकडून उसना तांदूळ काढत, आणि त्या उकडलेल्या धानाचा वास बाबांच्या सदऱ्याला, केसांना, अगदी त्यांच्या उशीलाही असायचा. मिलचा भोंगा सकाळी वाजायचा, दुपारी वाजायचा, संध्याकाळी वाजायचा, आणि सगळी वस्ती त्यावर उठायची, जेवायची, चूल पेटवायची. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला आणि धान निसवलंच नाही. मग मिलमध्ये उकडायला येणार काय? दिवाळीनंतर थोडे दिवस रडतखडत चालली आणि बंद पडली. भोंगा वाजेनासा झाला. तरी माय दुपारच्या सुमारास सवयीनं मान वर करायची, थोडा वेळ कान देऊन बसायची आणि पुन्हा कात्री चालवायला लागायची.

माय घरी बिड्या वळायची. आमच्या वस्तीत बहुतेक बायका वळायच्या. सूप मांडीवर, सुपात तंबाखू, बाजूला भिजवलेली पानं, आणि कात्रीचा तो करकर करकर आवाज. माझ्या लहानपणाला आवाज कोणता, असं कोणी पुसलं तर मी तोच सांगेन. त्या वर्षी ठेकेदारानं पानं अर्ध्यावर आणली. मग कात्री लवकर थांबायची आणि घर फार शांत व्हायचं. बाबा रोज सकाळी स्टेशनच्या मालधक्क्यावर जायचे, कधी गोणी उचलायचं काम मिळायचं, बहुतेक वेळा नाही. रिकामे परतले की ते घरात यायच्या आधी बाहेरच्या दगडावर बसून पाय धुवायचे, खूप वेळ धुवायचे. त्यावरून आम्हाला कळायचं.

उपाशी मात्र आम्ही राहिलो नाही. कण्या होत्या. पावसानं तरोटा उगवला होता, अंबाडी होती, नाल्याच्या कडेला अळूसारखी कोचईची पानं होती, आणि गडगडाट झाला की वारुळावर सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, फुटायच्या. त्या शोधायला आम्ही पोरं पहाटेच पळायचो. कण्यांची पेज, त्यात मीठ, वर अंबाडीची आंबट भाजी. माझा धाकटा भाऊ मिलिंद ती पेज फुरके मारत प्यायचा आणि सगळं एकत्र कालवून खायचो आम्ही. आबाजी तसं कधीच खायचे नाहीत. त्यांच्या ताटात भात एका कडेला, भाजी दुसऱ्या कडेला, वरण असलंच तर वाटीत. भातावर वरण त्यांनी कधी ओतून घेतलं नाही. एक घास भाताचा, एक घोट वरणाचा. मी पुसलं होतं, असं काऊन खाता म्हणून. तेच बघणं मिळालं.

आषाढी पौर्णिमा जवळ आली तशी विहारात सभा बसली. विहार म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली आणि पुढे ओटा. दर पावसाळ्यात एक भन्तेजी वर्षावासासाठी आमच्याकडे येऊन राहायचे, तीन महिने, आश्विन पौर्णिमेपर्यंत. त्यांचं दुपारच्या आधीचं जेवण वस्तीतली घरं पाळीपाळीनं द्यायची. यंदा बोलवायचं की नाही, हा प्रश्न होता. मेश्राम गुरुजी समितीचे प्रमुख होते, रिटायर्ड मास्तर, भला माणूस. त्यांनी हळूच सुचवलं की यंदाचं वर्ष राहू द्यावं, जमेल तेव्हा बोलवू, भन्तेजी काही रागावायचे नाहीत. पुरुषांमध्ये कोणी हो म्हणेना, कोणी नाहीही म्हणेना. तेव्हा बायकांच्या बाजूनं माझी माय बोलली. ती सभेत बोललेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"एका मानसाचं जेवन हाये गुरुजी," ती म्हणाली. "एवढ्या घरात एक मानूस जेवला नाई तर आपन आपल्याले वस्ती कायले म्हनावं?"

मग आबाजी उठले आणि म्हणाले की बोलवा, आणि पहिल्या दिवसाचं जेवण आमच्या घरचं. नागपूरच्या मैदानावर दीक्षा घेऊन आलेल्या मोजक्या माणसांपैकी ते एक होते. त्यांच्या शब्दानंतर सभा संपली.

भन्तेजी आले ते राजनांदगावकडचे निघाले. उंच, हडकुळे, मराठीत हिंदी मिसळून बोलणारे. आधी ते बसमध्ये कंडक्टर होते असं नंतर कळलं, आणि मग मला एक गोष्ट उलगडली: ते कुठेही उभे राहिले की पाय जरा फाकवून उभे राहायचे, जशी काही जमीन आत्ता हलणार आहे. पहिल्या दिवशी आबाजींनी डब्यात जपून ठेवलेला चिन्नोर तांदूळ काढला. तो शिजायला लागला तशी गल्लीतली माणसं चालता चालता थांबायला लागली, एवढा त्याचा वास. वरण, भजी, कोचईच्या वड्या, आणि दूध आणून केलेली खीर. पितळेचं ताट चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. भन्तेजी पाटावर बसले, माय आणि बाबांनी वाकून वंदन केलं, आबाजी स्वतः वाढायला उभे राहिले. मिलिंद आणि मी दाराशी होतो. मिलिंद दाराच्या फटीतून खिरीच्या वाटीकडे बघत होता, तोंड उघडं टाकून, आणि भन्तेजी मिलिंदकडे बघत होते. त्यांनी वाटी उचलली नाही. हळूच म्हणाले, ही बच्च्याला द्या. आबाजी म्हणाले, त्याले मागून भेटन, तुमी घ्या. भन्तेजींनी पुन्हा सांगितलं नाही, पण खिरीला हातही लावला नाही, आणि भातही थोडाच खाल्ला.

त्याच संध्याकाळी वंदना झाल्यावर त्यांनी सांगितलं की पाळ्या बंद. उद्यापासून ते स्वतः पात्र घेऊन गल्लीतून फिरतील. ज्या घरी स्वतःसाठी जे शिजलं असेल त्यातलं चमचाभर घालावं, वेगळं काही करू नये. शिजलंच नसेल तर काही नको. ते दारापुढे क्षणभर उभे राहतील आणि पुढे जातील.

आबाजी ओट्यावरून उठले. मला वाटलं ते घरी निघालेत, पण ते तिथेच उभे राहून बोलायला लागले. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, दारोदार? आमच्या गल्लीत? आमचाच मानूस भांडं घेऊन? "आमी ते गाडगं फोडलं," ते म्हणाले, "आन तुमी ते पुन्हा हाती घेता." भन्तेजींनी ऐकून घेतलं. बाकी माणसं खाली बघत राहिली. आबाजी त्यानंतर विहारात जाईनासे झाले, आणि माझ्यापुढे त्या वर्षातलं सगळ्यात मोठं कोडं पडलं. गाडगं कोणतं?

दुसऱ्या दिवशी मी मायला गाठलं. ती पानं कापत होती. आबाजी खाटेवर नव्हते तेवढं बघून तिनं सांगितलं. आबाजी लहान होते तेव्हा त्यांच्या गावी आपल्या लोकांना दुसऱ्यांच्या अंगणात जाऊन उरलेलं मागावं लागे. ते काम पोरांवर असायचं. हातात एक गाडगं, अंगणाच्या कडेला उभं राहायचं, हाक मारायची आणि वाट बघायची. घरातले सगळे जेवून झाले, ढोरांना घालून झालं, की कोणीतरी यायचं आणि वरून टाकायचं, हात न लागता. शिळा भात, त्यावर कोणाचं ताक, त्यावर कोणाची आंबलेली भाजी, सणावाराला त्यातच गोड. घरी येईस्तोवर गाडग्यात सगळं एक झालेलं असायचं. त्यांची माय ते धुऊन पुन्हा शिजवायची. दीक्षा घेऊन आल्यावर आबाजींनी ते गाडगं अंगणात आपटून फोडलं आणि नंतर कधी कोणाच्या दाराशी काही घ्यायला उभे राहिले नाहीत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणी हात धरून बसवल्याशिवाय बसायचे नाहीत.

"म्हनून कालवून नाई खात?" मी पुसलं.

माय कात्री चालवत राहिली. "तुले आता कळलं ना," ती म्हणाली. "त्यायले नको पुसू."

भन्तेजी रोज येऊ लागले. पाऊस असो नसो, अनवाणी, नजर खाली, काळं लोखंडी पात्र दोन्ही हातांत. आमच्या दारात खाट टाकून आबाजी बसलेले असायचे, ते भन्तेजी दिसले की भिंतीकडे तोंड करायचे. सासरा दारात असा बसलेला असताना माय त्याला ओलांडून जाणार कशी? ती आत चुलीशी उभी राहायची, हातात भात काढायचा लाकडी चाटू, चेहरा लाल. भन्तेजी आमच्या दारापुढे थांबायचे, इतर दारांपुढे थांबायचे तेवढेच, ना कमी ना जास्त, आणि पुढे जायचे. रोज. मला हे काही केल्या कळेना. न देणाऱ्या दारापुढे माणूस रोज थांबतो कशाला?

शाळा सकाळची होती आणि भन्तेजींच्या फेरीच्या आधी सुटायची. एक दिवस फेरी झाल्यावर मी विहाराकडे गेली. ओट्यावर पोरांची रांग बसलेली आणि भन्तेजी पात्रातलं त्यांना वाढून देत होते. तेव्हा मी पहिल्यांदा पात्राच्या आत पाहिलं. चमचा चमचा करून ते काठोकाठ भरलं होतं. एका माणसाला ते खाऊन संपणं शक्यच नव्हतं. कण्यांचा भात, कोणाची तरोट्याची भाजी, कोणाच्या सात्या, कोणाची नुसती चटणी, तुरीच्या दाण्याचं वरण, सगळं एकमेकांत गेलेलं. ज्या वर्षी प्रत्येक घरात मोजूनमापून शिजत होतं, त्या वर्षी विहारात रोज अन्न उरत होतं. हे कसं, ते मला आजही पूर्ण समजलेलं नाही. मी बसली आणि खाल्लं. एका घासात आंबट, एका घासात धुराचा वास, एका घासात सात्यांचा तो मांसासारखा चावा. प्रत्येक घास कोणाच्या घरचा ते ओळखायचा आम्ही खेळच केला.

पोरं गेल्यावर मी मनातलं पुसून घेतलं. आधी सोपं पुसलं, की तुम्ही जेवण घेता आणि वाकून नमस्कार मात्र आमच्या बाया तुम्हाला करतात, असं उलटं का? तुम्ही आभार मानायला नको? भन्तेजी हसले. म्हणाले, हेच मी माझ्या गुरूंना पुसलं होतं. ते म्हणाले, जे पडेल ते नावं न ठेवता खा, एवढं कर. मला तेव्हा नाही समजलं, बेटी, मी खातो आहे अजून. मग मी आमच्या दाराचं पुसलं. 

"मी तुमचं घर सोडून पुढे गेलो," ते म्हणाले, "तर आबाजींनी दिलं नाही असं नाही होत. मी त्यांना विचारलंच नाही, असं होतं. उद्या त्यांच्या मनात आलं तर?"

घरी आल्यावर मी सरळ सांगितलं की विहारात जेवून आली. माय घाबरली. आबाजी भिंतीकडे बघत होते ते तसेच बघत राहिले. मग माझ्याकडे न वळता त्यांनी पुसलं, "का होतं?" म्हणजे काय होतं जेवणात. मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी येताच तोच प्रश्न आला. तिसऱ्या दिवशी ते माझी वाट बघत होते. मग तर रोजचंच झालं. कोणी का टाकलं? गुरुजीच्या घरचं वरण पातळ होतं का घट्ट? कोचईची पानं कोणाकडची? आयुष्यभर माझ्या प्रश्नांना कंटाळलेला माणूस आता मलाच पुसत होता, आणि मला त्याची फार मौज वाटायची. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की आबाजींना त्या पात्रातून वस्ती दिसत होती. कोणाकडे चार दिवस तीच भाजी, कोणाकडे तेल संपलं, कोणाकडे पाहुणा आला. आमच्या समोरच्या ओळीत गोदाबाई राहायची, एकटी, नवरा गेलेला, बिड्या वळायला डोळे उरले नव्हते. एकदा मी सांगितलं की गोदाबाईनं आज नुसतं पेजेचं पाणी घातलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी मिठाची चिमूट. आबाजी म्हणाले, "मीठ?" मी म्हटलं, हो, भन्तेजींनी पात्र पुढे केलं आन तिनं मीठ टाकलं. ते उठून बसले.

"एक सांग पोरी," ते म्हणाले. "हे लोक जेवल्यावर देतेत का जेवायच्या आधी?"

"आधी," मी म्हटलं. "भन्तेजी गेल्याशिवाय कोनी ताटच नाई वाढत. भात झाला की वरचा काढून ठेवतेत."

"उरलेला नाई?"

"वरचा, आबाजी. पहिला."

त्यांची नजर माझ्यावरून निघून गल्लीवर गेली आणि तिथेच राहिली. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं सांगितलं.

इथे मध्येच एक सांगते, कारण ते मला त्या दिवसाशेजारीच आठवतं. टाळेबंदीच्या उन्हाळ्यात मी सडक अर्जुनीला होती, नोकरीची शेवटची वर्षं. नागपूरकडून रायपूरकडे माणसं पायी चाललेली होती, डोक्यावर गाठोडी, पायांत फाटक्या चपला. आम्ही काही बायकांनी रस्त्याच्या कडेला भात आणि वरण ठेवलं होतं. एक छत्तीसगढी बाई आली, कडेवर पोर. पत्रावळ हातात घेतली आणि खायच्या आधी मला म्हणाली, "दीदी, आप लोग खा लिए?" मी म्हटलं, नाही अजून. तेव्हा ती बसली आणि जेवली. बाकीच्यांना वाटलं ती शिष्टाचार करते आहे. मला माहीत होतं ती काय पुसत होती.

त्यानंतर आबाजी खाटेवर बसेनासे झाले. भन्तेजी निघायच्या वेळेला ते काठी घेऊन गल्लीत हिंडायला लागले, कोणाच्या ओट्याला टेकून उभे राहायचे, जणू सहज आलेत. ते बघत होते. बायांचे हात बघत होते, चमचा कसा येतो, वरून टाकतात का जवळ जाऊन घालतात. गोदाबाईच्या घरासमोरच्या ओट्याशी ते मला सगळ्यात जास्त वेळ उभे दिसले. आमच्या दारात आता कोणी बसलेलं नव्हतं, तरीही माय बाहेर जाऊन घालत नव्हती. मी पुसलं, आता काऊन नाही? ती म्हणाली, त्यायच्या मनात येऊ दे.

ते त्यांच्या मनात कोणत्या दिवशी आलं ते मला तारखेनं आठवत नाही. पोवारांच्या बांध्यांत रोवणी संपली होती आणि धान गुडघ्याला लागलं होतं, एवढं आठवतं, कारण सगळीकडे ते हिरवं होतं ज्याच्याकडे बघून माणसं कारण नसताना बरं बोलायला लागतात. त्या दिवशी पाऊस नव्हता. माय चुलीशी होती. आबाजी आत आले, आणि चुलीजवळ ते कधी येत नसत. त्यांनी पुसलं, "सूनबाई, भात झाला का?" माय म्हणाली, झाला मामाजी, वाफ जिरून राहिली. त्यांनी हात पुढे केला. माय आधी समजलीच नाही, मग तिनं चाटू दिला. आबाजींनी झाकण काढलं आणि वरचा भात घेतला, कण्याच होत्या त्या, वाफाळलेल्या, आणि तो चाटू दोन्ही हातांनी धरून ते दारात जाऊन उभे राहिले. भन्तेजींना यायला अजून वेळ होता. आबाजी तसेच उभे. मिलिंदनं मला ढोसलं, मी त्याला ढोसलं. बाबा दगडावर पाय धूत होते, ते हातात तांब्या घेऊन तसेच थांबले.

भन्तेजी आले आणि थांबले, पाय जरा फाकवून, रोजच्यासारखे. नजर खाली. आबाजी पायरी उतरून खाली गेले. मी त्यांना वंदन करताना बघायला तयार झाली होती, पण त्यांनी वंदन केलं नाही. त्यांनी पात्रात पाहिलं, नीट, वाकून, जसं विहिरीत बघतात. मग अगदी जवळ नेऊन, पात्राच्या काठाला चाटू टेकवून, भात हळूच आत सोडला.

"गरम हाये, पोरा," ते म्हणाले. "हात सांभाळ."

सगळी वस्ती त्यांना भन्तेजी म्हणायची. पोरा म्हणणारे आबाजी एकटेच. भन्तेजींनी क्षणभर नजर वर केली, मग खाली, आणि पुढच्या दाराकडे गेले. आबाजी आत येऊन खाटेवर बसले आणि पंच्यानं तोंड पुसलं, मग डोळे, मग पुन्हा तोंड. मायनं त्यांना ताट दिलं नाही, नुसतं पाणी दिलं, आणि ती चुलीकडे गेली ती बराच वेळ वळली नाही.

तेव्हापासून वरचा भात रोज आबाजीच द्यायचे. दिवस काही लगेच पालटले नाहीत. बाबा त्या महिन्यात दोनदा नागपूरला काम बघून आले आणि दोन्हीदा परत आले. पानं अर्ध्यावरच राहिली. पण घरात एक वेगळीच गोष्ट घडली. आमच्याकडे कमी आहे, हे बोलणं बंद झालं. कमी तेवढंच होतं. फक्त रोज कोणाला तरी द्यायचं आहे म्हणून भांड्याकडे बघायची नजर बदलली. मायचं मन हलकं झालेलं मला कात्रीच्या आवाजावरून कळायचं. श्रद्धा कशाला म्हणतात हे मला पुढे बऱ्याच शिकल्यासवरल्या माणसांनी समजावलं. पण त्यांचं ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे येतात ते भांड्यात वाकून बघणारे आबाजी.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. वस्तीनं भन्तेजींना चीवर दिलं. कापड साधंच होतं, पण शिवताना प्रत्येक घरच्या बाईनं एकेक टाका घातला होता, आणि गोदाबाईचा टाका वाकडा आला म्हणून ती रडली तर भन्तेजी म्हणाले, हाच मला सापडेल. दुसऱ्या दिवशी सकाळच्या देवरीच्या बसनं ते गेले. सगळी पोरं बसमागे धावली. मी धावली नाही. मला एक पुसायचं राहून गेलं होतं आणि ते काय होतं तेच आठवत नव्हतं.

मी घरी आली तर माय भात उतरवत होती. तिनं झाकण काढलं, वरचा भात काढला आणि चाटू हातात धरूनच थांबली. कारण घ्यायला कोणी येणार नव्हतं. आबाजींनी तिच्या हातून चाटू घेतला आणि नेहमीसारखे दारात गेले. मी त्यांच्या मागे. गल्ली रिकामी होती, पण दारं रिकामी नव्हती. समोर मेश्राम गुरुजींची बायको उभी, हातात वाटी. तिच्या पलीकडे कोणी, त्याच्या पलीकडे कोणी. जिकडे बघावं तिकडे बाया हातात वाफाळतं काहीतरी धरून दारात उभ्या, आणि रस्त्यावरून येतंय कोणीच नाही. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या, आणि हसता हसता एक एक करून आत वळू लागल्या.

आबाजी वळले नाहीत. ते पायरी उतरले. मला वाटलं ते गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन बघणार, भन्तेजी खरंच गेलेत की काय. पण ते रस्ता ओलांडून तिरपे गेले, आणि गोदाबाईच्या दारापुढे जाऊन उभे राहिले. मी त्यांना कोणाच्या दारापुढे उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाठ ताठ, दोन्ही हातांत चाटू.

"गोदा," त्यांनी हाक मारली. "भांडं आन."

आतून काही हालचाल झाली नाही. ते थांबले. भन्तेजी थांबायचे तेवढे थांबले, मग त्याहून जास्त थांबले. गोदाबाई आली, हातात ताट, डोक्यावरचा पदर सावरत. दोघांत काय बोलणं झालं ते मला दारातून ऐकू आलं नाही. आबाजींनी भात तिच्या ताटात घातला आणि रिकामा चाटू घेऊन सावकाश परत आले.

मी तर पुसणारच होती. "का म्हनाली ती, आबाजी?"

"का म्हननार," ते म्हणाले. "घेतलं तिनं." मग चाटू मायकडे देत खाटेवर बसले. "वाढ आता, सूनबाई. भूक लागली."